गरोदर बाईला विषाणूचा आजार: दुसऱ्या रोगाची कोणती गोळी चालते, कोणती नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या एका उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: करोनात जंताची, हिवतापाची, एचआयव्हीची औषधं विषाणूवर वापरलेली सगळ्यांनी पाहिली. त्यामुळे आता पोटुशी बाई डेंग्यूने किंवा काविळीने पडली की घरचे म्हणतात, "तीच गोळी द्या ना, जुनीच तर आहे." मूळ दुसऱ्या रोगासाठी असलेली कोणती औषधं गरोदरपणातल्या विषाणूजन्य आजारात खरंच उपयोगी आहेत, कोणती हातात घ्यायची नाहीत, आणि हे ठरवायचं कशावरून?

ताई, आधी त्या "जुनीच तर आहे"चं बघू. औषध जुनं असलं म्हणजे त्याच्या खोड्या माहीत असतात. ते निरुपद्रवी आहे असं त्यातून निघत नाही. थॅलिडोमाइड हे याचं सगळ्यात कडू उदाहरण. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते युरोपात दिलं गेलं, हातपाय न वाढलेली बाळं जन्मली आणि १९६१ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावं लागलं. तेच औषध पुढे कुष्ठरोगातल्या गाठींच्या तीव्र प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगावर गुणकारी ठरलं, आजही वापरात आहे. म्हणजे जुनं, उपयोगी, आणि तरी गरोदर बाईच्या घरात ठेवायलाही नको असं. उलट डोल्युटेग्रॅविर २०१३ मध्ये आलेलं, त्या मानाने कालचं औषध. आज एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला पहिल्या पसंतीने तेच देतात. औषधाचं वय बघून काही ठरत नाही.

दुसऱ्या रोगाचं औषध विषाणूवर चालण्याचे भरवशाचे रस्ते आतापर्यंत दोनच दिसले आहेत. पहिला नात्याचा: औषध एका विषाणूच्या ज्या यंत्रावर घाव घालतं, तेच किंवा त्याच्या जातीचं यंत्र दुसऱ्या विषाणूतही असतं. दुसरा रस्ता म्हणजे औषध विषाणूला हातच लावत नाही, शरीराची भडकलेली प्रतिक्रिया खाली आणतं. याखेरीज तिसरा प्रकार आहे, काचेच्या ताटलीतल्या पेशींवर शेकडो औषधं ओतून कशाने विषाणू मरतो ते बघण्याचा. बातम्या याच्याच होतात. गरोदर बाईच्या पदरात मात्र, पुढे येणारं झिडोव्हुडिन सोडलं तर, त्यातून अजून जवळजवळ काही पडलेलं नाही.

नात्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हिपॅटायटिस बी. तुमच्या उपकेंद्रातही उद्यापासून वापरता येईल असं हेच, म्हणून यावर जरा थांबू. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी हे दोन वेगळ्या कुळांतले विषाणू, पण दोघेही आरएनएवरून डीएनए उलटा लिहून काढतात. एचआयव्हीसाठी आलेलं टेनोफोव्हिर हे उलटं लिखाण थांबवतं, म्हणून ते दोन्हीकडे चालतं. आईच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू भरपूर असेल तर बाळाला जन्मताच लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) देऊनही काही बाळं सुटत नाहीत. आणि जन्मावेळी लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम करतो. चीनमध्ये २०० बायांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात ज्यांनी शेवटपर्यंत नियमित टेनोफोव्हिर घेतलं त्यांच्या एकाही बाळाला लागण झाली नाही. फक्त लस-इम्युनोग्लोब्युलिनवाल्या गटात ७ टक्के बाळांना झाली.

करायचं असं. पहिल्याच नोंदणीत एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची लागण आहे का सांगणारी) तपासणी. ती सकारात्मक आली तर एचबीव्ही डीएनएचा (रक्तात विषाणू किती आहे ते मोजण्याचा) नमुना जिल्ह्याला पाठवायचा. मिलीलीटरमागे २,००,००० आंतरराष्ट्रीय एककं किंवा त्याहून जास्त आलं तर टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल ३०० मिलिग्रॅम, रोज एक. पूर्वी २८ व्या आठवड्यापासून देत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे दुसऱ्या तिमाहीपासूनच सुरू करायची मुभा आहे. डीएनए तपासणी मिळत नसेल तर एचबीइएजीवर (विषाणू जोरात वाढत असल्याची खूण) ठरवायचं, आणि दोन्ही मिळत नसतील तर एचबीएसएजी सकारात्मक असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला देण्याचा विचार करायलाही त्याच सूचना परवानगी देतात. तोरणमाळ किंवा धडगावच्या पाड्यांसाठी हा शेवटचा पर्याय फार कामाचा आहे, कारण नमुना जाऊन निकाल येईपर्यंत कधी कधी बाई बाळंत होऊन जाते. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून चालू आहे, त्यातून तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. गोळी सुरू करण्याचा निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा; ती बाईपर्यंत खंड न पडता पोचवणं तुमच्याकडे.

यात कुठे बिघडतं? एचआयव्हीची तपासणी न करता टेनोफोव्हिर एकटंच सुरू होतं, ही पहिली चूक. बाईला एचआयव्ही निघाला तर एकाच औषधाने तो विषाणू निर्ढावतो आणि पुढचे पर्याय हातचे जातात. आधी एकात्मिक समुपदेशन केंद्राचा (जिथे एचआयव्ही तपासतात) निकाल, मग गोळी.

दुसरी चूक मूत्रपिंडाची. गरोदरपणात मूत्रपिंडातून रक्त जवळपास दीडपट वेगाने गाळलं जातं, त्यामुळे क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) साधारण ०.४ ते ०.८ मध्ये असायला हवं. प्रयोगशाळेच्या कागदावर १.१ पर्यंत "सामान्य" छापलेलं असतं. गरोदर बाईचं क्रिएटिनिन १.० आलं आणि कागदावर लाल खूण नाही म्हणून टेनोफोव्हिर चालू केलं, तर आधीच दमलेल्या मूत्रपिंडावर आणखी ओझं पडतं. त्यात सिझेरियननंतर दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं सवयीने लिहिली जातात. टेनोफोव्हिरवर असलेल्या बाईला ती टाळून पॅरासिटामॉल द्यायला सांगावं, चिठ्ठीवर तसं लिहूनच पाठवावं.

तिसरी अडचण आपल्या भागाची. दिवाळी झाली की तळोदा, अक्कलकुवा, धडगावची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. अशा वेळी महिन्याच्या हिशोबाने गोळ्या देऊ नका; वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून तीन महिन्यांच्या एकदम द्या आणि कार्डावर औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख ठळक लिहा. मध्येच गोळ्यांत खंड पडला तर विषाणू परत उसळतो आणि यकृताला सूज येऊ शकते. बाळंतपणानंतर औषध थांबवतानाही तेच: काही महिने एसजीपीटी (यकृताच्या सुजेची रक्ततपासणी) बघत राहायचं. अंगावर पाजायला हरकत नाही, हे बाईला आणि सासूला दोघींना सांगून ठेवा, नाहीतर गोळी बंद होते किंवा दूध.

बाळाचं लक्षात ठेवायचं वेळापत्रक: लस ०.५ मिलीलीटर २४ तासांच्या आत, इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो १२ तासांच्या आत आणि दुसऱ्या मांडीत. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसतं. म्हणून आठव्या महिन्यातच विचारून ठेवायचं, कळा सुरू झाल्यावर नाही.

याच टेनोफोव्हिरसोबत लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर मिळून एचआयव्हीची रोजची एक गोळी होते. जाता जाता एक गंमत: गरोदरपणात आईकडून बाळाला जाणारा एचआयव्ही रोखणारं पहिलं औषध, झिडोव्हुडिन, १९६४ मध्ये कर्करोगासाठी बनवलं होतं आणि त्यात सपशेल नापास झालं होतं. १९८७ मध्ये ते एचआयव्हीवर मान्य झालं आणि १९९४ च्या अभ्यासात त्याने बाळांची लागण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर आणली. एका रोगाचं औषध दुसऱ्याला लावून गरोदरपणात मिळालेलं याहून मोठं यश दाखवता येणार नाही. पण त्याची खोड अशी की ते हिमोग्लोबिन खाली आणतं. सिकलसेल आणि रक्तक्षय ज्या पट्ट्यात घरोघर आहे तिथे ही खोड लहान नाही. आज डोल्युटेग्रॅविरचा संच असल्याने आईला झिडोव्हुडिनची गरज क्वचितच पडते.

डोल्युटेग्रॅविरची खोड वेगळी आहे आणि ती आपल्याच हातून रोज घडते. लोह आणि कॅल्शियम या औषधाला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. आणि आपण तर प्रत्येक गरोदर बाईला १८० दिवस लोहाच्या आणि दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या देतो! उपाशीपोटी घ्यायचं असेल तर डोल्युटेग्रॅविर लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. घड्याळाचा हा हिशोब शेतावर जाणाऱ्या बाईला जमत नाही. सोपी वाट अशी की भाकरी खाऊन सगळ्या गोळ्या एकदम घ्यायच्या. पोटात जेवण असलं की शोषण पुरेसं होतं. "गोळ्या उपाशीपोटी, एकत्र" एवढं मात्र कधीच नाही. गरोदरपणातल्या मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही सांगावं लागतं, कारण डोल्युटेग्रॅविरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते. मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत.

याच औषधावरून आणखी एक शिकण्यासारखं आहे. २०१८ मध्ये बोत्स्वानातून बातमी आली की गर्भ राहताना डोल्युटेग्रॅविर चालू असलेल्या ४२६ बायांपैकी ४ जणींच्या बाळांना मेंदू-मणक्याचा जन्मदोष निघाला, म्हणजे ०.९ टक्के. देशोदेशी तरुण बायांचं हे औषध थांबवलं गेलं. मोजणी पुढे चालू ठेवली तेव्हा २०२० मध्ये आकडा ३,५९१ पैकी ७ झाला, म्हणजे ०.१९ टक्के, आणि नंतर तो इतरांइतकाच खाली आला. लहान आकड्यांवरची भीती जशी फसवी, तसाच लहान आकड्यांवरचा दिलासाही. शंभरातल्या साधारण तीन बाळांत काही ना काही जन्मदोष औषधाशिवायही असतो. पहिल्या तिमाहीत औषध घेतलेल्या निदान २०० गरोदर बायांची नोंद हाताशी असल्याशिवाय दोषांचं प्रमाण दुप्पट झालंय का, एवढंसुद्धा सांगता येत नाही. "आमच्या दवाखान्यात दहा जणींना दिलं, काही झालं नाही" या वाक्याची किंमत त्यावरून लावा.

नात्याचं दुसरं उदाहरण व्हॅलासायक्लोव्हिर. हे नागिणीचं आणि हर्पिसचं औषध. त्याच कुळातल्या, गर्भाला इजा करू शकणाऱ्या सायटोमेगॅलो विषाणूवर ते वापरतात, पण मात्रा बघा: हर्पिसला दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास पुरतं, इथे ८ ग्रॅम लागतं. कारण असं की हे औषध लागण झालेल्या पेशीत गेल्यावर विषाणूच्याच एका विकराने (एन्झाइमने) चेतवावं लागतं. हर्पिसकडे ते विकर चांगलं आहे. सायटोमेगॅलोकडे आहे ते मंद. म्हणून आठपट ओतावं लागतं. दुसऱ्या रोगासाठी औषध वळवताना जुनी मात्रा जशीच्या तशी उचलता येत नाही, त्याचा हा नमुना. इस्राएलमध्ये झालेल्या आणि २०२० मध्ये छापलेल्या अभ्यासात, गर्भधारणेच्या सुमारास किंवा पहिल्या तिमाहीत पहिल्यांदाच लागण झालेल्या बायांना हे दिलं, तेव्हा गर्भाला लागण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आली. फायदा मुख्यतः पहिल्या तिमाहीत लागण झालेल्यांना होता.

आता यात काय बिघडतं ते. मूळ अभ्यासात ४ ग्रॅम दिवसातून दोनदा दिलं होतं. त्या मात्रेवर काहींची मूत्रपिंडं अचानक बिघडली, कारण औषधाचे खडे मूत्रनलिकांत बसतात. म्हणून आता २ ग्रॅम दिवसातून चार वेळा अशी विभागून देतात आणि गर्भजल तपासणीपर्यंत, म्हणजे २१ व्या आठवड्याच्या पुढेपर्यंत चालू ठेवतात. ५०० मिलिग्रॅमची गोळी धरली तर एका दिवसात १६ गोळ्या. वैशाखात, आखाजीच्या सुमाराला, भुसावळ-रावेरकडे पारा ४५ ला टेकलेला असताना आणि बाई केळीच्या बागेत राबत असताना हे औषध चालू करणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ आहे. दिवसाला निदान तीन लिटर पाणी, उन्हातलं काम बंद, आठवड्याभरात क्रिएटिनिन आणि पुढे दर दोन आठवड्यांनी. उलट्या-जुलाब लागले की औषध थांबवून त्याच दिवशी दाखवायचं.

पण खरी चूक त्याही आधी होते, ती "टॉर्च"च्या (गर्भाला बाधणाऱ्या काही संसर्गांची एकत्र रक्ततपासणी) कागदावर. आपल्याकडच्या बहुतेक बायांना सायटोमेगॅलो लहानपणीच होऊन गेलेला असतो, त्यामुळे आयजीजी (जुन्या लागणीनंतरही टिकणारी प्रतिपिंडं) जवळजवळ सगळ्यांचंच सकारात्मक येतं. आयजीएम (सहसा ताज्या लागणीची प्रतिपिंडं) तर जुन्या लागणीत, दुसऱ्याच विषाणूत, कधी उगाचच सकारात्मक येतं. मागच्या वेळी गर्भपात झाला म्हणून टॉर्च, टॉर्चमध्ये आयजीएम आलं म्हणून महिनाभर गोळ्या, ही साखळी आपल्या गावोगाव चालू आहे आणि माझ्या मते ती सरळ बंद व्हायला हवी. आयजीएम आलं तर आयजीजी अ‍ॅव्हिडिटी (प्रतिपिंडं विषाणूला किती घट्ट धरतात ते) बघायची. पहिल्या तिमाहीत ती जास्त निघाली तर लागण गर्भधारणेच्या आधीची; गोळीची गरज नाही. कमी निघाली तर गर्भरोगतज्ज्ञांकडे, तेही त्याच आठवड्यात, कारण हे औषध उशिरा दिलं तर उपयोग ओसरतो. या कामासाठी व्हॅलासायक्लोव्हिरला अधिकृत मान्यता नाही, म्हणून बाईला समजेल अशा भाषेत लेखी संमती घेतलेली असावी.

त्याच घराण्यातलं अ‍ॅसायक्लोव्हिर कांजिण्यांत. मोठ्या वयात, त्यातून सहाव्या महिन्यानंतर, कांजिण्या फुप्फुसात उतरल्या तर जिवावर बेततं. पुरळ उठल्यापासून २४ तासांत ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, ७ दिवस. धाप किंवा खोकला असेल तर शिरेतून, किलोमागे १० मिलिग्रॅम दर ८ तासांनी; पण भरपूर सलाइनमध्ये पातळ करून आणि तासभर लावून, घाईने ढकललं तर इथेही खडे. घरात "माता आल्यात" म्हणून औषध नको असतं. कडुलिंबाचा पाला, उंबऱ्याचे नियम त्यांचे त्यांना पाळू द्या, त्यात भांडू नका. गोळी आजच सुरू होऊ द्या. बाळंतपणाच्या आधीचे ५ दिवस ते नंतरचे २ दिवस यांत पुरळ आलं असेल तर बाळाला मोठा धोका असतो, त्याला विशिष्ट इम्युनोग्लोब्युलिन मिळेल अशाच ठिकाणी बाळंतपण करावं.

दुसरा रस्ता, शरीराची प्रतिक्रिया आवरण्याचा, करोनात डेक्सामेथासोनने दाखवला. प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांत त्याने मृत्यू कमी केले. प्राणवायू न लागणाऱ्यांत फायदा नव्हता. गरोदर बाईत मात्र औषध बदलतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वारेत एक विकर असतं, ते प्रेडनिसोलोन आणि हायड्रोकॉर्टिसोन बाळापर्यंत पोचण्याआधी बरंचसं निकामी करतं. डेक्सामेथासोन त्या पहाऱ्यातून सरळ आत जातं. मुदतीआधी बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आपल्याला तेच हवं असतं: ६ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, चार इंजेक्शनं. ती झाली की पुढे आईसाठी प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम रोज. बाळाला गरज नसेल तर सुरुवातीपासूनच प्रेडनिसोलोन, किंवा गिळता येत नसेल तर हायड्रोकॉर्टिसोन ८० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा शिरेतून. एकूण १० दिवस किंवा घरी सोडेपर्यंत, जे आधी येईल ते. रक्तातली साखर रोज बघायची.

ताटलीतल्या प्रयोगांचा घोळ आयव्हरमेक्टिनवरून कळतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत त्याने करोनाचा विषाणू पेशींत मारला, हे खरं. पण त्या ताटलीत औषध मिलीलीटरमागे सुमारे ४,४०० नॅनोग्रॅम होतं. साठ किलोच्या माणसाने १२ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर रक्तात कमाल २० ते ५० नॅनोग्रॅम मिळतं. शंभरपट तफावत! ती भरून काढायला गोळ्या वाढवल्या तर विषाणूआधी मेंदूवर परिणाम दिसेल. क्लोरोक्वीनचं वेगळं: ज्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर ते चाललं, त्यांत विषाणू एका आम्लाच्या पिशवीतून शिरतो आणि क्लोरोक्वीन ती पिशवी बिघडवतं. माणसाच्या फुप्फुसात विषाणू वेगळ्या दारानेच शिरतो. लूपस किंवा सांधेवाताच्या बाईचं हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन गरोदरपणात चालू ठेवतात, ते सुरक्षित आहे आणि बंद करू नये. विषाणूवर ते चालत नाही, एवढाच मुद्दा. आयव्हरमेक्टिन तर हत्तीरोगाच्या सामूहिक गोळ्यांतही गरोदर बायांना देत नाहीत.

अजिबात हात लावायचा नाही अशी नावं: रिबाविरिन (प्राण्यांत गर्भाला विकृती; औषध संपल्यावरही बाईने नऊ महिने गर्भ राहू देऊ नये), फॅव्हिपिराविर, मोलनुपिराविर, लेफ्लुनोमाइड आणि मघाचं थॅलिडोमाइड. फॅव्हिपिराविरची पाकिटं २०२०-२१ मध्ये घरोघरी शिरली, काही कपाटांत अजून असतील. आणखी एक नाव सहज निसटतं, अमँटाडिन. फ्लूचं जुनं औषध, पुढे कंपवातावर वळवलेलं. आजच्या फ्लूवर निकामी. पण सर्दीच्या काही मिश्र गोळ्यांत ते पॅरासिटामॉलच्या आडून बसलेलं असतं. मेडिकलवरून आणलेल्या पट्टीच्या मागचं बारीक छापील वाचायची सवय आशाताईंनाही लावा. फ्लूचा संशय असेल तर ओसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ५ दिवस, निकालाची वाट न बघता.

रिटोनाविर (एचआयव्ही आणि करोनाच्या काही गोळ्यांत जोडीला असतं ते) असलेली औषधं चालतात, पण बाळंतपणाच्या खोलीत एक सापळा आहे. रक्तस्राव थांबवायला आपण मिथाइल अर्गोमेट्रिन देतो. रिटोनाविर त्याचं विघटन अडवतं, रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की हातपाय काळे पडण्यापर्यंत जाऊ शकतं. अशा बाईला ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉल. केसपेपरवर पहिल्याच पानावर लाल शाईने लिहा.

आता तुमच्या प्रश्नातल्या दोन आजारांबद्दल. डेंग्यूवर क्लोरोक्वीन, प्रेडनिसोलोन, कोलेस्टेरॉलचं लोव्हास्टॅटिन, हिपॅटायटिस सीसाठी बनवलेलं बालापिराविर हे सगळं माणसांवर करून झालंय. एकही चाललं नाही. बाई तुमच्याकडे येते तेव्हा ताप तीन-चार दिवसांचा असतो, विषाणू आपोआप उतरणीला लागलेला असतो, आणि धोका असतो तो रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा. विषाणू मारून त्या वेळी काय मिळणार? म्हणून पॅरासिटामॉल, पाणी आणि डोळ्यांत तेल घालून मोजमाप. गरोदर बाईत रक्त मुळातच पातळ असतं. तिचं हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण) ३२ असायचं, ते ३९ झालं तर कागदावर छान दिसतं, प्रत्यक्षात वीस टक्क्यांहून जास्त वाढ आहे आणि पाणी झिरपतंय. नोंदणीच्या वेळचा आकडा म्हणूनच कार्डावर हवा. रक्तदाबाच्या धोक्यासाठी ७५ किंवा १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चालू असलेल्या बाया आता पुष्कळ आहेत (अ‍ॅस्पिरिनसुद्धा दुसऱ्या कामाला लावलेलं जुनंच औषध). डेंग्यूचा संशय आला की ते त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवायचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही, कमरेत इंजेक्शन नाही. पपईच्या पानांच्या गोळ्यांना गरोदरपणात भरवशाचा आधार नाही, देऊ नका.

काविळीचं दुखणं जास्त खोल आहे. दूषित पाण्यातून येणारा हिपॅटायटिस ई इतरांना बहुतेक वेळा सोडून देतो, पण शेवटच्या तिमाहीत झाला तर चार-पाच जणींतली एक दगावू शकते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत हाच विषाणू दीर्घकाळ टिकतो तेव्हा रिबाविरिनने जातो. म्हणजे दुसऱ्या रोगाचं चालणारं औषध आहे, आणि नेमकं तेच गरोदर बाईला देता येत नाही. हिपॅटायटिस सीच्या सोफोसबुविरने प्रयोगशाळेत आशा दाखवली, रुग्णांत ती टिकली नाही. त्यामुळे इथे सगळा खेळ वेळेचा. काविळीच्या माळेला विरोध करत बसू नका, माळ गळ्यात असू द्या. पण त्या माळेपायी चार दिवस जाऊ देऊ नका. शेवटच्या तिमाहीतली कोणतीही कावीळ त्याच दिवशी वर पाठवायची, धुळे, जळगाव किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, जिथे रक्त आणि अतिदक्षता दोन्ही आहे तिथे. दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्यात गोंधळ, हिरड्यांतून रक्त, साखर ७० च्या खाली, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) १.५ च्या वर: यातलं एक जरी असेल तर यकृत हरू लागलंय. झोपेचं किंवा उलटी थांबवणारं गुंगीचं औषध देऊ नका, त्याने मेंदूची अवस्था झाकली जाते. गाडीत ग्लुकोज चालू ठेवा.

आणि एका घरात कावीळ निघाली की त्या पाड्याचं पाणी बघा. विहिरीला १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, तासभर थांबून लिटरमागे क्लोरिन ०.५ मिलिग्रॅम उरलंय का ते तपासायचं. उघड्या बरणीतली जुनी पावडर वापरली तर हा हिशोब चुकतो, तिची ताकद उडालेली असते. झिऱ्याचं पाणी पिणाऱ्या गरोदर बाईला उकळलेलंच पाणी.

वर पाठवताना चिठ्ठीवर आठवडे लिहा, "आठवा महिना" असं मोघम नको. औषध कोणत्या आठवड्यात पोटात गेलं यावरच पुढचं सगळं ठरतं. गर्भाचे अवयव पाळी चुकल्यापासूनच्या पहिल्या महिना-दीड महिन्यात घडतात, त्या काळात कोणती गोळी, किती दिवस, कुठून आणलेली हे पट्टीसकट पाठवा. सिकलसेलचा निकाल लिहा. त्या बाईचं हिमोग्लोबिन तापात एकदम कोसळलं तर तांबड्या पेशी बनणं थांबवणाऱ्या पार्व्हो विषाणूचा विचार व्हावा लागतो. त्यावर औषध नाही, आईला रक्त आणि गर्भाची सोनोग्राफी लागते. चुकून निषिद्ध औषध गेलं असेल तर बाईला धीर द्या, गर्भपाताचा सल्ला परस्पर देऊ नका. तज्ज्ञांकडे पाठवा आणि औषधाच्या दुष्परिणामांच्या राष्ट्रीय नोंदीसाठी १८००-१८०-३०२४ वर कळवा. बाळ धडधाकट जन्मलं तरी तेही कळवा.